मॅलिन हेडचे बेचाळीस सेकंद

माझ्याकडे बेचाळीस सेकंदांची एक फिल्म आहे. तिच्यात गाणं नाही, संवाद नाहीत आणि मी स्वतः तर कुठेच नाही. तरीही ती मी एनिस गावातल्या इतक्या लोकांना दाखवली आहे, की आता आमचा पोस्टमन दारात पत्र टाकून पळत सुटतो. दाताच्या डॉक्टरलाही दाखवली, तोंडात त्याची दोन हत्यारं असताना. तो म्हणाला, "ग्रँड." आयर्लंडमध्ये 'ग्रँड'चा अर्थ 'छान' असा होतो आणि 'पुरे झालं' असाही होतो. मी पहिला घेतला.

फिल्म ध्रुवीय प्रकाशाची आहे, म्हणजे अरोराची. २०२१ च्या ऐन दिवाळीत, आयर्लंडच्या अगदी उत्तर टोकावर मी ती घेतली. मी धंदेवाईक फोटोग्राफर नाही. शरीरात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी त्या नळ्या तपासतो. वय बावन्न, गुडघे सत्तरीचे. म्हणूनच सांगतो, ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांनी नीट सावरून बसावं. मी काहीही वगळणार नाही. फक्त एनिस ते मॅलिन हेड हा सहा तासांचा रस्ता वगळतो, कारण त्यात पाऊस आणि ट्रॅक्टर यांपलीकडे काही घडलं नाही.

या वेडाला कारण एक मित्र. तो कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा, आता टास्मानियात राहतो. २०२० साली आम्हाला घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असताना तो ग्रुपवर दक्षिणेकडच्या अरोराचे टाइमलॅप्स टाकायचा आणि खाली लिहायचा, 'आमचं मागचं अंगण.' त्याच्या मागच्या अंगणात आकाश नाचत होतं आणि माझ्या मागच्या अंगणात तीन दिवस न वाळलेले टॉवेल होते. हा अन्याय मला सहन झाला नाही. मी कॅमेरा घेतला, तिवई घेतली आणि दर बारा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारं एक चिमुकलं यंत्र घेतलं. असे पंचवीस फोटो सलग दाखवले की एक सेकंदाची फिल्म होते. रात्रभर कुडकुडायचं आणि मिनिटभराचंही काही हाती लागत नाही, असा हा किफायतशीर छंद आहे. पाच किलोमीटरच्या आत मी ढगांच्या, गायींच्या आणि इडलीचं पीठ पातेल्याबाहेर येण्याच्या फिल्मा केल्या. पिठाची फिल्म हे माझं सर्वोत्तम काम आहे असं माझी बायको मंजिरी अजूनही म्हणते. ती पुण्याची आहे. कौतुक मोजून करते.

आता मुख्य पात्र. माझी आई फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली, विमानं बंद झाली आणि ती एकवीस महिने राहिली. ती शहात्तर वर्षांची आहे. अचलपूरजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं तिने भूगोल शिकवला. वर्गात पुस्तकी मराठी आणि घरात चोख वऱ्हाडी, अशी तिची दोन दुकानं. माझी अरोराची तयारी पाहून एका संध्याकाळी ती म्हणाली,

"सातवीले होता हा धडा. मी एकतीस वर्षं शिकवला. दरसाली एखादं कार्टं विचारेच, मॅडम, तुम्ही पाह्यला का? मी नाई म्हणो. मंग ते म्हणे, तर मंग तुमाले कसं मालूम?"

"मग तू काय सांगायचीस?"

"काय सांगू? पुस्तकात हाये म्हणो. मलेच कसंतरी वाटे बापा."

एवढंच बोलून ती भाजी निवडायला लागली. पण मी तिचा मुलगा आहे. जेवणाच्या टेबलावर उभा राहून (खरोखर उभा राहून, मंजिरी साक्षीला आहे) मी जाहीर केलं, की भारतात परतण्याआधी आईला अरोरा दाखवीन.

परतीचं तिकीट मिळालं ते भाऊबीजेनंतर दोन दिवसांचं. तोवर आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि अमरावतीला ऑपरेशन ठरलं होतं. म्हणजे माझ्या हाती उरले तीन आठवडे आणि आईचा उजवा डोळा.

लूप हेड, कोजागिरी

पहिला प्रयत्न सांगायला मला लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

अरोरासाठी रात्री जागावं लागतं. जागायची रात्र म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येणार? मी चार कुटुंबांना निरोप धाडले. आमच्याच क्लेअर परगण्यात, समुद्रात घुसलेलं लूप हेड नावाचं टोक आहे. तिथे दीपगृहाच्या अलीकडे आम्ही गाड्या लावल्या. दोन मोठ्या थर्मासांत मसाला दूध होतं, भेळ होती, सतरंज्या होत्या. उत्तरेकडे तोंड करून मी कॅमेरा लावला. आमच्यात सहा इंजिनियर होते, त्यांतले दोघे मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणारे. सगळ्यांनी मिळून कॅमेऱ्याच्या सेटिंगवर पाऊण तास चर्चा केली.

आणि मग पूर्वेकडून चंद्र आला.

काय चंद्र होता! परातीएवढा. गवताचं पातं न् पातं दिसायला लागलं. दूध फेसाळ चांदण्यात चमकलं. माझ्या कॅमेऱ्यात आकाश दुपारसारखं निळं यायला लागलं आणि तारे एकेक करून गायब झाले. अरोराला अंधार लागतो, हे मी वर्षभर प्रत्येक पुस्तकात वाचलं होतं. पौर्णिमेला अंधार नसतो, हे मला चौथ्या वर्षापासून ठाऊक होतं. या दोन गोष्टी सहा इंजिनियरांच्या डोक्यांत मिळून एकदाही एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

कुत्र्याला फिरवायला आलेला एक म्हातारा थांबला. तिवईकडे, मग चंद्राकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नॉर्दर्न लाइट्स का? छान लख्ख रात्र निवडलीत हो." आणि शीळ घालत गेला.

आई दुधाचा दुसरा कप संपवत होती. "अबे सुहास, पुनवेले कोनी आभायात दिवे शोधते का?"

"आई, तू आधी का नाही बोललीस?"

"मले वाटलं, तुमी इंजिनियर लोकं. काई तरी यंत्र असन चंद्र बंद कराचं."

मंजिरीने त्या रात्री दूध मात्र फार उत्तम केलं होतं, हे नमूद करतो.

मॅलिन हेड, धनत्रयोदशी

मग मी पंचांग उघडलं. कोजागिरीला जो चंद्र आडवा आला, तो दिवाळीच्या अमावस्येला नसणार! आपल्या पूर्वजांनी दिवे लावायला वर्षातली काळोखी रात्र निवडली होती, ती मी दिवे न लावता वापरणार होतो. अडचण एकच. आई अमावस्येला प्रवासाला निघत नाही. तेव्हा तडजोड अशी झाली, की धनत्रयोदशीला निघायचं, अमावस्येला जिथे आहोत तिथेच मुक्काम करायचा आणि पाडव्याला परतायचं. गाडीत फराळाचे पाच डबे, उटणं, सुगंधी तेल, पणत्या आणि लक्ष्मीचा छोटा फोटो, हे आधी बसलं. उरलेल्या जागेत कॅमेरा.

मुक्काम ब्रीडा नावाच्या बाईंकडे होता. सत्तरीच्या, एकट्या, गालांवर वाऱ्याने काढलेल्या लाल रेषा. चार खोल्या पाहुण्यांना देतात. घरात टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांची, आग होती आणि तिचा वास आईला ओळखीचा वाटला. "गवऱ्याच हायेत नं ह्या," म्हणाली आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.

ब्रीडाबाईंचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं. तिकडे उत्तरेत प्रत्येक गोष्ट 'वी' असते, वी म्हणजे लहान. वी कप, वी पाव, वी झोप. त्यांनी 'वी जेवण' म्हणून जे आणलं त्याने टेबल भरलं. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर त्यांनी मनापासून विचार केला होता: उकडलेले बटाटे, कुस्करलेले बटाटे आणि बटाट्याची भाकरीसारखी पोळी.

"बटाट्यासंग बटाटा," आई मला हळूच म्हणाली, "अन् तोंडी लावाले बटाटा."

मंजिरीने लसणाची चटणी काढली. ब्रीडाबाईंनी चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी स्वतःहून वाटी पुढे केली.

बाहेर निघताना एक गंमत झाली. दाराशी भिंतीवर चिनी मातीची एक लहानशी कुपी होती, तिच्यात चर्चचं पवित्र पाणी. घराबाहेर पडताना त्यात बोट बुडवून छातीवर क्रॉस करायचा, अशी इथली जुनी रीत. ब्रीडाबाईंनी स्वतः केला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आईने क्षणाचाही विचार न करता त्याच पाण्यात बोट बुडवलं, डोळ्यांना लावलं, हात जोडले. उजव्या डोळ्याला जरा जास्त लावलं असं मला वाटलं.

त्या रात्री ढग होते. एरवी मी या वाक्यावर दोन पानं लिहिली असती, पण खरंच एवढंच. टोकावर एक जुना टेहळणी बुरूज आहे, त्याच्या पायथ्याशी गाडीत आम्ही तिघं बसलो. मी दर पाच मिनिटांनी फोनवरचं अॅप पाहत होतो. सूर्यावरून आलेलं वादळ किती जोरात आहे, ते त्यात शून्य ते नऊ अशा आकड्यात दिसतं.

"काय आला आकडा?" आई विचारायची.

"पाच."

"वलगावच्या रस्त्यावर असेच उभे राहत लोकं. मटक्याचा आकडा लागला का म्हणून. एकाचंबी घर झालं नाई त्याच्यातून."

अॅपवर पाच आणि काचेवर पाऊस. साडेबाराला आम्ही परतलो. आईच्या हाती आता दोन रात्री होत्या.

चतुर्दशीची रात्र

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी वारा फिरला आणि उत्तरेकडून आकाश धुतल्यासारखं उघडत गेलं. अॅपवर सहा. संध्याकाळी सात. मी जेवता जेवता तीनदा उठून आकाश बघून आलो. ब्रीडाबाईंनी गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या लोकरी टोप्या घालून आणून दिल्या. "एक मम्मीच्या मांडीवर," त्यांनी बजावलं, "आणि दुसरीही मम्मीच्याच."

अकरा वाजता आम्ही टोकावर होतो. खाली समुद्र काळाभोर, दूर बेटावरचा दीपगृहाचा दिवा उघडमीट करत होता. बुरुजाच्या पलीकडे आणखी दोन गाड्या होत्या, पण त्यातली माणसं दिसत नव्हती, फक्त कधीतरी खोकला ऐकू यायचा. मी तिवई रोवली. तिच्या पायांना दगडांची पिशवी टांगली. दव धरू नये म्हणून भिंगाभोवती हात शेकायच्या दोन पुड्या मंजिरीच्या केसांच्या रबराने बांधल्या. अकरा दहाला पहिला फोटो निघाला.

आठ सेकंद उघडा राहून कॅमेऱ्याचा डोळा मिटला आणि मागच्या पडद्यावर चित्र आलं. समुद्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी कमान.

मी काय केलं ते मंजिरी अजून नक्कल करून दाखवते. मी ओरडलो, गोल फिरलो, बुरुजाला नमस्कार केला. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही म्हणून माझ्या फोननेही एक फोटो काढला, त्यातही हिरवं! धावत आईकडे गेलो. ती घडीच्या खुर्चीत, दोन पिशव्या, तीन शाली आणि माझी कानटोपी अशी बसली होती.

"आई! हे बघ! हे बघ!"

तिने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"सुंदर हाये," ती म्हणाली. "कुठी हाये?"

"समोर! तुझ्या समोर!"

तिने समोर पाहिलं. मीही पाहिलं. आणि खरं सांगायचं तर समोर एक फिकट पांढुरका पट्टा होता. क्षितिजावर. तेवढाच.

"मले तर लांबच्या गावचा उजेड दिसते तसं काई तरी दिसून राह्यलं."

"तोच! तोच अरोरा!"

"हिरवा नाई."

"कॅमेऱ्याला हिरवा दिसतो."

"त कॅमेऱ्यानं पाह्यला म्हन. मी कुठी पाह्यला?"

दहा मिनिटांनी मी फोन घेऊन परत धावलो. आता पडद्यावर कमानीला वरून जांभळी किनार आली होती. आईने पाहिलं, समोर पाहिलं, मान हलवली. पुन्हा दहा मिनिटांनी. पुन्हा. माझे फोटो एकाहून एक सरस येत होते आणि दर वेळी आई समोर पाहून आधीपेक्षा कमी सांगत होती. चौथ्या वेळी म्हणाली, "आता त तो पट्टाबी दिसेना."

मला रडू यायच्या बेतात होतं. मंजिरी तिच्याजवळ वाकून म्हणाली, "आई, पट्टा दिसला होता ना मघाशी? म्हणजे पाहिलाच आपण. पाहिला असंच म्हणू या."

"मंजिरी," आईने आवाज चढवला नाही, फक्त भाषा बदलली. ती वर्गातल्या मराठीत आली. "उत्तरपत्रिका तपासताना 'बरोबर आहे असंच म्हणू या' असं मी म्हटलं असतं, तर आमचं आख्खं गाव गुणवत्ता यादीत आलं असतं."

कॅमेरा खट् करून मिटला, उघडला, मिटला.

आई खुर्चीतून उठली. पिशव्या मंजिरीच्या हाती दिल्या. "सुहास, तुझा तो फोन मले आता दाखवू नको. येवढा झगझगते, मंग मले पाच मिनिटं काईच दिसत नाई. लाइट गेल्यावर कंदील लावून पाह्यलं का कधी? कंदिलाकडं पाह्यलं का अंगण दिसत नाई."

अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एक झगझगीत पडदा ते सगळं क्षणात पुसतो, हे कोणत्याही नवशिक्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. माझ्या डोक्याला लाल दिवा बांधलेला होता, तो त्यासाठीच. आणि मी, अभिमानाने फुगलेला सुपुत्र, दर दहा मिनिटांनी जन्मदात्रीच्या एकुलत्या चांगल्या डोळ्यात बॅटरी मारत होतो. कोजागिरीला मी चंद्राला नावं ठेवली. इथे मीच चंद्र झालो होतो.

आई आमच्यापासून, फोनपासून, माझ्या कपाळावरच्या लाल दिव्यापासून दूर निघाली. पुढे दहाबारा पावलांवर लाकडी कठडा आहे. तिथवर गेली, कठड्याला दोन्ही हातांनी धरून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. स्तब्ध.

बरोबर माझ्या फ्रेमच्या मध्यावर.

"आई!" मी हाक मारली. "जरा डावीकडे! चौकटीच्या बाहेर!"

ती हलली नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. मी तिच्याकडे निघालो तेव्हा मंजिरीने माझी बाही धरली. "सुहास, कपाळावरचा दिवा आधी बंद कर. आणि तू जाऊ नकोस."

"माझी फिल्म जातेय गं. वर्षभर वाट पाहिली मी."

"आणि त्यांनी?"

मी दिवा बंद केला. फोन गाडीत टाकून आलो, अगदी डॅशबोर्डच्या कप्प्यात. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मंजिरीने आपला लोकरी हातमोजा चढवून दिला. आणि आम्ही दोघं तिवईमागे गवतात बसलो. कॅमेरा आपलं काम करत होता. खट्, आठ सेकंद, खट्. प्रत्येक फोटोच्या मधोमध आता कानटोपी घातलेला एक काळा ठिपका येत असणार, हे मला न बघताही कळत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन नव्हता. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. माझ्याही डोळ्यांना हळूहळू दगड दिसायला लागले, मग कठड्याचे खांब, मग आईच्या शालीची किनार.

आणि मग तो फिकट पट्टा उठून उभा राहिला.

मी नाटकी माणूस आहे, पण इथे मी काहीही वाढवून सांगत नाही. पट्ट्याला खालून घड्या पडल्या. दोरीवरची चादर वाऱ्याने हलते तशा त्या घड्या पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेल्या. त्यातून उंच, सरळ खांब निघाले, एक, तीन, मग मोजता येईनात; वर डोक्यापर्यंत चढले आणि विरले आणि शेजारी नवे निघाले. पांढरे होते. मग पांढरे नव्हते. पिकायला लागलेल्या कैरीच्या सालीचा असतो तसा रंग, अगदी फिका, पण रंग. खालच्या काठाला कुठेतरी गुलाबी. आवाज काही नाही. एवढं सगळं हलतंय आणि आवाज नाही, याने अंगावर काटा आला. बुरुजापलीकडे कुणीतरी मोठ्याने 'जीझस' म्हटलं.

आईने कठडा सोडला होता. तिचा उजवा हात वर गेला होता. आधी मला वाटलं ती नमस्कार करतेय. पण बोट पुढे होतं आणि ते वर जात होतं, खाली येत होतं, जरा सरकून परत वर. ती ते खांब काढत होती. फळ्यावर काढतात तसे, मागच्या बाकापर्यंत दिसतील इतके मोठे.

किती वेळ काढत होती! खांब विझले, पट्टा परत खाली बसला, तेव्हा ती वळली आणि गवतातून जपून पावलं टाकत आमच्याकडे आली. मी उभा राहिलो. मला विचारायची हिंमत झाली नाही. तिनेच माझ्या दंडाला धरलं.

"चाल्ला," ती म्हणाली. "तो चालते, सुहास. पुस्तकात हे नाई लिह्यलं. आमी पडदा म्हणून शिकवला, अन् पोरायले वाटे, खिडकीचा पडदा. तो त चालून राह्यला होता."

"दिसला?"

"त्याच्यासाठीच गेली नं तिकडं." मग दंड आणखी घट्ट धरून, "पाह्यला. मी पाह्यला."

मंजिरी रडत होती. मीही रडत होतो, पण मी हातमोज्याने नाक पुसलं म्हणून पकडला गेलो नाही.

अभ्यंगस्नान

कॅमेरा पावणेतीनपर्यंत चालला. मुक्कामी परतलो तेव्हा पहाट जवळच होती, नरकचतुर्दशीची. झोपायचं कशाला? आईने कुणालाही न विचारता मला न्हाणीघराबाहेर पाटाच्या जागी टॉवेल अंथरून बसवलं आणि बावन्नाव्या वर्षी डोक्यावर तेल थापलं. खाली दिवा लागला. ब्रीडाबाई ड्रेसिंग गाऊनमध्ये जिन्याशी आल्या. पहाटे पाच वाजता त्यांच्या गालिच्यावर एक उघडाबंब, तेलाने निथळणारा गृहस्थ बसला होता आणि एक वृद्धा त्याच्या पाठीला उटणं लावत होती.

"सगळं ग्रँड ना?" त्यांनी विचारलं.

"फेस्टिवल," आईने सांगितलं. मग खिडकीबाहेर उत्तरेकडे बोट करून तिने तिचं शाळेतलं इंग्रजी काढलं, "आय सॉ. विथ माय आय." आणि बोट उजव्या डोळ्याला लावलं.

ब्रीडाबाई तशाच वर आल्या, आईचा तेलकट हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. सत्तर वर्षं तिथे राहून त्यांनी चारदाच पाहिला होता, असं म्हणाल्या. मग आम्हा सगळ्यांना पहाटे साडेपाचला चकली आणि चहा मिळाला. ब्रीडाबाईंनी तीन चकल्या खाल्ल्या आणि चौथी गाऊनच्या खिशात टाकली.

त्या संध्याकाळी त्यांच्या खिडकीत लक्ष्मीपूजन झालं. आकाशात पुन्हा ढग होते. आईने तिकडे एकदाही पाहिलं नाही.

एनिस

घरी येऊन मी फोटो जोडले. एक हजार पंचाहत्तर निघाले. त्रेचाळीस सेकंद झाले असते, पण गाडीचे दिवे पडलेले शेवटचे पंचवीस काढून टाकल्यावर बेचाळीस उरले. सुरुवातीला कमान नुसती श्वास घेते. मग मधोमध एक काळी आकृती येते. ती फ्रेममध्ये साडेतीन सेकंद आहे. ती जवळजवळ हलली नाही म्हणून कानटोपीसकट रेखीव उमटली आहे, फक्त शेवटी तिचा उजवा हात धुरासारखा झाला आहे, आणि त्या धुराच्या वर सगळं आकाश खांबांनी भरतं. टास्मानियाच्या मित्राला पाठवली. दोन दिवस त्याने काही लिहिलं नाही. मग लिहिलं, 'मानलं.' ते मी फ्रेम करायला टाकणार होतो, मंजिरीने अडवलं.

आई ठरल्या दिवशी गेली. ऑपरेशन उत्तम झालं.

डिसेंबरात आमच्या भागातल्या हौशी फोटोग्राफरांच्या एका स्पर्धेत मी फिल्म दिली. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचं पत्र आलं, फार सौजन्याने लिहिलेलं. प्रकाश उत्कृष्ट टिपला आहे, सातत्य वाखाणण्याजोगं आहे. मात्र ऐन रंगाच्या क्षणी एक व्यक्ती आड येते, ती हल्ली संगणकावर सहज पुसता येते, पुढच्या वेळी तसं करावं.

एरवी मी अशा पत्राला चार पानी उत्तर लिहितो. या वेळी दोन ओळी लिहिल्या. सूचनेबद्दल आभार मानले, आणि कळवलं की ती व्यक्ती आड आलेली नाही; आम्ही गेलो होतो तेच तिला दाखवायला.